उथळ उपसागरात दोन रात्री: दांडा कधी ओलांडायचा आणि नांगर किती पाण्यात टाकायचा?

एकशीड:

शुक्रवारी दुपारी आत शिरायचं, दोन रात्री मुक्काम, रविवारी दुपारी बाहेर, असा बेत आहे. उपसागर उथळ आहे. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो नकाशावर ०.७ मीटर उघडा पडतो असं दाखवलंय. आत खोल पाण्याची एक वळणदार वाट, दोन्ही बाजूंना चिखलाचे पट्टे. एका टोकाला दगडी धक्का आहे, पण ओहोटीला तिथे पाणी उरत नाही.

बोट साडेआठ मीटर, एक डोलकाठी, एकच खोल कील (बोटीच्या तळाखालचा जड पंख), पाण्याखाली १.४ मीटर. डिझेल इंजिन १० अश्वशक्तीचं. नांगर १० किलो, त्याला ८ मिमीची साखळी ४० मीटर आणि पुढे नायलॉनचा दोर २० मीटर.

भरती-ओहोटीच्या कोष्टकातले आकडे (वेळ, मग नकाशाच्या शून्यापासून पाण्याची उंची मीटरमध्ये):

शुक्र: ०७:०० – १.१ / १३:१० – ४.७ / १९:२५ – १.०
शनि: ०१:३५ – ४.९ / ०७:५० – ०.८ / १४:०० – ५.० / २०:१५ – ०.७
रवि: ०२:२५ – ५.२ / ०८:४० – ०.५ / १४:५० – ५.३

अमावास्या शनिवारी आहे.

शुक्रवारी १२ च्या सुमारास पाच मीटर पाण्यात नांगर टाकावा असा विचार आहे. १.४ च्या बोटीला पाच मीटर भरपूर झाले ना? की सरळ धक्क्याला बांधून ओहोटीत बोट टेकू द्यावी? आणि दांडा नेमका कधी ओलांडायचा?

---

खारंपाणी:

पाच मीटर पुरणार नाहीत. गंमत अशी की पहिल्या रात्री पुरतील, आणि म्हणूनच फसायला होतं.

बारांशाचा नियम लावा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या वेळेचे सहा सारखे भाग केले तर पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश (एकूण फरकाचा बारावा भाग) चढतं. शुक्रवारी १.१ पासून ४.७, म्हणजे ३.६ मीटरचा फरक, एक बारांश ०.३ मीटर. १२ वाजता ओहोटी होऊन पाच तास झालेले असतील, म्हणजे ११ बारांश चढले. उंची १.१ + ३.३ = ४.४.

आता पाच मीटर पाण्यात नांगर टाकलात तर पुढे काय होतं ते बघा:

शुक्र संध्याकाळ १.० – पाणी ३.४ उतरणार, उरलं १.६. कीलखाली २० सेंटीमीटर.
शनि सकाळ ०.८ – उरलं १.४. कील टेकली, पण कदाचित कळणारही नाही.
शनि रात्र ०.७ – उरलं १.३.
रवि सकाळ ०.५ – उरलं १.१. बोट ३० सेंटीमीटरने अडकली आणि एकच कील असल्यामुळे चांगलीच कलली.

उधाण वाढत जातंय तेव्हा भरती रोज वर जाते आणि ओहोटी रोज खाली. त्यामुळे हिशोब मुक्कामातल्या सगळ्यात खालच्या ओहोटीवर करायचा, त्या रात्रीच्या नव्हे. तुमच्या बाबतीत ती रविवारची ०.५. कील १.४ आणि खाली ०.६ मोकळं धरलं तर त्या वेळी २.० मीटर पाणी हवं. ४.४ वरून ०.५ म्हणजे ३.९ उतरणार. म्हणून शुक्रवारी १२ वाजता नांगराच्या जागी ५.९ मीटर पाणी असायला हवं. १०:३० ला पोचलात तर आकडा वेगळा, पुन्हा मांडायचा.

०.६ मधले वीस-तीस सेंटीमीटर हवामानाचे असतात. कोष्टक साधारण १०१३ हेक्टोपास्कल दाबावर धरलेलं असतं. दाब १ हेक्टोपास्कल वाढला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर दबतं. १०३३ चं छान निरभ्र हवामान म्हणजे २० सेंटीमीटर गेले. जमिनीकडून बाहेर बराच वेळ वारा वाहिला तर आणखी जातात. लोक वादळाला घाबरतात, पण उथळ जागी कील टेकवणारं हवामान बहुतेक वेळा असं स्वच्छच असतं.

कोष्टकातली वेळ कुठल्या घड्याळाची आहे तेही तपासा. जिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथली बरीच कोष्टकं मूळ वेळेतच छापलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या तासात एका तासाची चूक म्हणजे जवळजवळ मीटरभर पाण्याची चूक.

आणि अमावास्येचं: सगळ्यात मोठं उधाण बहुतेक किनाऱ्यांवर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे मुक्काम सोमवारपर्यंत वाढवलात तर ०.५ चाही भरवसा नाही.

---

चौथा_तास:

वरच्या हिशोबात एक भर. बारांशाचा नियम दिवसातून दोनदा, सारख्या लयीत येणाऱ्या भरतीसाठी आहे. साउदम्पटनला दुहेरी भरती येते, तिथे तो चालत नाही. लांब उथळ उपसागरांच्या आतल्या टोकाला भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळते, तिथेही तो चुकतो. त्या जागेचा स्वतःचा आलेख मिळत असेल तर तोच वापरा. ०.५ आणि ५.३ ही टोकं कोष्टकातलीच राहतात. मधल्या वेळा सरकतात.

आता दांडा. ०.७ उघडा पडतो म्हणजे नकाशाच्या शून्यापेक्षा तो ०.७ वर आहे, हे धरून:

दांड्याची उंची ०.७ + कील १.४ + मोकळी जागा ०.५ + लाटेची अर्धी उंची. ६० सेंटीमीटरची लाट धरू, तिचे ०.३. एकूण २.९ मीटर.

शुक्रवारी १.१ पासून २.९ म्हणजे १.८ चढायला हवं, म्हणजे बरोबर ६ बारांश. ओहोटी ते भरती ६ तास १० मिनिटं, त्याची निम्मी ३:०५. म्हणजे १०:०५ च्या आधी नाही. ११ ते १२:३० उत्तम. ११ ला दांड्यावर ३ मीटरच्या वर पाणी असेल. फक्त तिसऱ्या-चौथ्या तासात आत येणारी धार सगळ्यात जोरात असते. बोट साडेचार नॉटने चालली आणि मागून दोन-अडीच नॉटची धार असली तर जमिनीवरचा वेग सात होतो. सुकाणूला मात्र साडेचारचंच पाणी मिळतं. वळणावर बोट बाजूला वाहत जाते, म्हणून नाक कुठे आहे ते बघू नका, पुढचा आणि मागचा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) एका रेषेत राहतात का ते बघा.

१३:१० नंतर शिरू नका. खोलीचा प्रश्न नाही, खोली तेव्हाही भरपूर असते. पण पाणी बाहेर वाहायला लागलं आणि समोरून लाट आली की लाटेची लांबी कमी होते, उंची वाढते आणि ती दांड्यावर फुटते. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते आणि सगळं गुळगुळीत वाटतं. दुसरं कारण साधं: चढत्या पाण्यात टेकलात तर दहा मिनिटांत सुटता, उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्र तिथेच.

रविवारी बाहेर पडताना ०.५ ते ५.३, एक बारांश ०.४. २.९ साठी २.४ चढायला हवं, पुन्हा ६ बारांश, म्हणजे ११:४५ नंतर. पण तेव्हा समोरून जोराची धार असेल आणि १० अश्वशक्तीचं इंजिन उगाच झिजेल. १३:४५ ते १४:३० च्या दरम्यान निघा. धार मंदावलेली असते आणि पाणी अजून चढतंच असतं.

दांडे सरकतात. बोये हलवले जातात, नकाशा तिथेच राहतो. नकाशा आणि बोया यांत मतभेद झाला तर बोया खरा. बंदर अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून घ्या. लाल-हिरव्याचा अर्थ जगात दोन पद्धतींनी लावतात, बंदरात शिरताना लाल बोया काही देशांत डाव्या हाताला, काही देशांत उजव्या. नव्या किनाऱ्यावर जात असाल तर आधी तेवढं बघा.

---

नांगरदोर:

साखळीचं राहिलंच. ती टाकतानाच्या पाण्यावर नाही, मुक्कामातल्या सगळ्यात वरच्या भरतीवर मोजायची, आणि पाण्यापासून नाही, बोटीच्या नाकावरच्या रोलरपासून.

शुक्रवारी १२ ला ४.४ उंचीवर ५.९ पाणी, म्हणजे रविवारी पहाटे ५.२ वर ६.७. रोलर पाण्यापासून ०.९ वर धरला तर ७.६. चौपट साखळी म्हणजे ३०.४. ३२ मीटर सोडा. जोराचा वारा असेल तर सहापट, म्हणजे सुमारे ४६: ४० साखळी आणि ६ दोर.

रात्रीसाठी सगळेच सातपट सांगतात ते दोराचं गणित आहे. सगळी साखळी असेल, तळ चांगला असेल आणि वारा बेताचा असेल तर चौपट पुरते. उथळ उपसागरात उगाच जास्त सोडली तर फिरायला जागा उरत नाही.

फिरण्याचं वर्तुळ ओहोटीला खूप मोठं होतं असं बरेच जण म्हणतात. ताणलेल्या साखळीचं गणित करून बघा: भरतीला नांगरापासून नाक ३१ मीटरवर, ओहोटीला ३२ वर. त्यात बोटीची लांबी मिळवली की दोन्ही वेळा ४० च्या आसपासच. बदलतं ते पाणी. भरतीला ४० मीटरचं सगळं वर्तुळ पोहण्याजोगं असतं आणि ओहोटीला त्याच वर्तुळात चिखलाचा पट्टा वर आलेला असतो. म्हणून ५.९ फक्त नांगराच्या जागी मिळून चालत नाही. नांगर टाकण्याआधी हळू एक फेरी मारा आणि ४० मीटरच्या आत कुठेच ५.९ पेक्षा कमी नाही ना ते बघा. अरुंद वाटेत इतकी जागा मिळाली नाही तर दोन नांगर: एक धारेच्या वरच्या अंगाला, एक खालच्या, दोन्ही दोर नाकावरच बांधायचे. बोट जागच्या जागी फिरते. दर काही भरतींनी दोरांना पीळ बसतो, तो सोडवावा लागतो. शेजारच्या बोटी एकाच नांगरावर असतील तर हा प्रकार नको, त्या फिरतात आणि तुम्ही फिरत नाही.

नांगर बसवताना: धारेकडे नाक करून थांबा, नांगर तळाला लागू द्या, बोट मागे सरकायला लागली की साखळी सरकण्याच्या वेगानेच सोडा. एका जागी ढीग घातलात तर ती नांगराच्या दांड्यात अडकते. सगळी सुटली की इंजिन मागे, आधी हजार फेरे, मग हळूहळू दोन हजार, ३० सेकंद. किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा, पुढचं झाड आणि मागचा खांब अशा, एका रेषेत राहतात का बघा. तळहात सपाट करून रोलरच्या पुढच्या साखळीवर ठेवा, बोटं गुंडाळू नका. नांगर धरला असेल तर साखळी ताठ आणि शांत लागते. घसटत असेल तर दगडावरून गाडी ओढल्यासारखी थरथर हाताला जाणवते.

मग १२ मिमी नायलॉनचा सहाएक मीटर दोर साखळीला हुकाने लावून खुंटाला बांधा आणि ताण त्याच्यावर घ्या. झटके दोर खातो, विंचला (साखळी ओढणाऱ्या यंत्राला) बसत नाहीत.

दर सहा तासांनी धार उलटते, म्हणजे नांगराला दिवसातून चार वेळा वळून पुन्हा रुतावं लागतं. पहिल्यांदा धार फिरते तेव्हा डेकवर थांबा. ती वेळ शुक्रवारी दुपारी सव्वा एकच्या सुमाराला येतेय आणि दुसरी संध्याकाळी साडेसातला, दोन्ही सोयीच्या आहेत. फावड्यासारखे अवतल पात्याचे नांगर परत लवकर धरतात. जुने नांगराच्या फाळासारखे कधी कधी गवताचा गोळा घेऊन बाहेर येतात आणि मग नुसते घसरतात.

वारा आणि धार समोरासमोर असतील तर खोल कीलची बोट धारेचं ऐकते, शेजारची सपाट तळाची मोटरबोट वाऱ्याचं. दोघी एकाच वेळी उलट तोंडं करून उभ्या राहतात. अंतर ठेवताना हे धरा. ४६ मीटर सोडलीत तर दोराचा भाग अशा वेळी कीलला गुंडाळू शकतो. सहा-आठ किलोचं वजन कडीने दोरावरून खाली सोडून तो तळाशी दाबून ठेवा.

घसरण्याचा अलार्म नांगर पडला त्या क्षणी लावा, त्रिज्या ४५ मीटर. नंतर लावलात तर मध्यबिंदू चुकतो आणि रात्रभर खोटा वाजतो. दिवसा पुढच्या भागात काळा गोळा, रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा नियमात बसतो, पण छोट्या होडीवाल्याची नजर तिथे जात नाही. डेकपासून दोन मीटरवर आणखी एक टांगा.

---

सुकती:

धक्क्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत: या बोटीला, या मुक्कामात, नको. पण पुढे कधी लागेल म्हणून लिहून ठेवतो.

आधी कील बघा. तिचा तळ सपाट आणि लांब असेल तरच ती धक्क्याला टेकून नीट उभी राहते. खाली गोळा असलेली किंवा तळाला निमुळती होणारी कील असेल तर बोट पुढे तोंडावर झुकते. सुकाणू कीलइतकंच खोल असेल तर वजन सुकाणूवर येतं आणि तिथे ते सोसत नाही.

ज्या जागी बांधणार ती जागा ओहोटीला चालत जाऊन बघितलेली असावी. भरतीच्या पाण्यातून दगड, साखळ्या, मोडकी शिडी दिसत नाही. बांधताना पुढचे-मागचे दोर भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट लांब, इथे १५ मीटर, कारण आखूड दोर असतील तर बोट त्यांच्यावर लटकते आणि खुंट उपटतात. फेंडरांच्या (बोटीच्या कडेला टांगायच्या फुगीर उशांच्या) बाहेर लाकडी फळी, नाहीतर धक्क्याच्या खाचेत फेंडर घुसतो. धक्क्याकडच्या बाजूला डेकवर पाण्याचे कॅन, जास्तीची साखळी असं वजन ठेवून पाच-सहा अंश आत झुकवा. जास्त झुकवलं तर डोलकाठीच्या तारा दगडाला लागतात. वर डोलकाठीवरून एक दोर धक्क्यावरच्या खुंटाला. बोट टेकेपर्यंत आणि परत तरंगेपर्यंत माणूस बोटीवर हवा.

लाट असेल तर अजिबात टेकवू नका. टेकताना आणि सुटताना, दोन्ही वेळा वीसेक मिनिटं कील तळावर आपटते. २०-३० सेंटीमीटरची हेलकावणारी लाट कीलचे बोल्ट ढिले करायला पुरते.

आणि सगळ्यात महाग चूक: उधाणाच्या शेंड्यावर, ऐन भरतीला बोट टेकवणं. दुसऱ्या दिवशी भरती दहा-वीस सेंटीमीटर कमी चढते, तिसऱ्या दिवशी आणखी कमी, आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळपास पंधरवडा, तिथेच. तुमची भरती वाढतेय म्हणून हा धोका या दोन दिवसांत नाही. सोमवारपासून पुढे आहे.

---

खारंपाणी:

@सुकती, धक्क्याचं पटलं. पण चुकून टेकलेच तर काय, तेही सांगायला हवं.

शनिवारी दुपारच्या ओहोटीचा फरक ४.३ मीटर. तिसऱ्या तासात पाणी मिनिटाला जवळपास पावणेदोन सेंटीमीटर उतरतं. म्हणजे पाच मिनिटं चर्चा केलीत तर नऊ सेंटीमीटर गेले. त्यामुळे क्रम आधीच ठरलेला असावा: शिडं उतरवा, आलात त्याच वाटेने मागे इंजिन, सगळे जण एका बाजूला जाऊन बोट कलवा. कलली की कील वर येते. दोन-तीन मिनिटांत सुटली नाही तर इंजिन थांबवा. चिखल आत ओढला की थंड पाण्याची गाळणी तुंबते आणि पंपाचा रबरी पंखा फाटतो.

मग डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) दुसरा नांगर खोल पाण्यात नेऊन टाका. बोट उथळ बाजूकडे कलेल असं वजन सरकवा. खोल बाजूकडे कलली तर परत येणारं पाणी बोट उचलण्याआधी कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेत) शिरतं. झडपा, झाकणं, कॉकपिटचे कप्पे बंद. खालच्या बाजूला डिझेल टाकीची हवेची नळी असेल तर ती बोळ्याने बंद करा आणि इंजिन लावण्याआधी बोळा काढायचा हे चावीला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. गॅस सिलिंडरवरच बंद. कलणाऱ्या बाजूखाली फेंडर किंवा गादी सरकवा. धोका नसला तरी व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर तटरक्षक दलाला कळवून ठेवा, म्हणजे काठावरून कोणी तिरकी बोट बघून घाबरलं तर त्यांना माहीत असतं.

आणि बोटीतून उतरून चालत किनारा गाठायला जाऊ नका. भरती समोरून येत नाही, ती मागच्या घळींतून भरते आणि तुम्ही उभे असता ती वाळू बेट होते. २००४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या मोरकम उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ जण असेच बुडाले.

---

एकशीड:

सगळं उतरवून घेतलं. धक्का रद्द, ५.९ आणि ३२ मीटर. एकच शंका. इको साउंडर (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) पाण्याची खोली दाखवतो की कीलखालची?

---

चौथा_तास:

तुमच्यावर कसा लावलाय त्यावर. तीन शक्यता आहेत: पृष्ठभागापासून, सेन्सरपासून किंवा कीलच्या तळापासून. शांत जागी, बोट थांबलेली असताना, दोरीला शिसं बांधून सेन्सरच्या बाजूनेच खाली सोडा, ओली दोरी मोजा आणि साउंडरशी ताडून बघा. सेन्सर पाण्याखाली ०.४ मीटर असेल आणि साउंडर तिथून मोजत असेल, तर तुमचे ५.९ पडद्यावर ५.५ दिसतील. कीलच्या तळापासून मोजत असेल तर ४.५. आकडा नांगराच्या विंचवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, कारण नांगर सोडताना वजाबाक्या चुकतात.